फोडलेलं पाकीट

‘आज दोनच द्या,’ अर्धीवाले काका म्हणाले, आणि स्ट्रिप कापायला उघडलेली तिची कात्री तशीच उघडी राहिली. औषधांच्या दुकानाच्या काचेत दोन खिडक्या होत्या. एकीवर ती बसायची, दुसरीवर टाय. टायचं खरं नाव मालकाशिवाय कुणी घेत नसे. अंगाची काहिली होत असो, पंखा बंद पडलेला असो, त्याच्या गळ्यातला टाय कधी सैल झालेला कुणी पाहिला नव्हता. नेहमीच्या गिऱ्हाइकांना या दोघांनी आपसात टोपणनावं दिली होती. खोकलेवाली, घाईघाई, ‘बिल लहान करा’वाले, आणि अर्धीवाले काका. काका त्यातले सगळ्यात सभ्य. शर्टाला इस्त्री, दाढी गुळगुळीत, रांगेत कितीही ढकलाढकली झाली तरी आपण बाजूला होणारे. दर शनिवारी ते रक्तदाबाच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप न्यायचे. रोज एक घ्यायची असते, मग आठवड्याला पाच कशा पुरतात, असं तिने एकदा विचारलं होतं. ‘रविवार-सोमवार मला बरं असतं,’ असं काका म्हणाले होते, आणि ती हसली होती, टाय हसला होता, काकाही हसले होते. आता हे दोनच म्हणत होते. दोन गोळ्यांवर आठवडा. काकांनी नाणी आधीच काचेखालच्या फटीतून आत सरकवून ठेवली होती, नीट एकावर एक रचून, आणि ती नाणी बघताना तिला वडील छापखान्यात खाली कोसळले तो दिवस आठवला. त्यांनीही गोळ्या मध्येच सोडल्या होत्या. आपल्याला आता बरं वाटतंय, असं त्यांचंही म्हणणं होतं.

एप्रनच्या खिशात चर्चला द्यायच्या दशांशाचं पाकीट होतं. पगार सकाळीच हातात आला होता, आणि पगार आला की आधी दहावा हिस्सा पाकिटात, पाकिटाला जीभ लावून ते बंद, आणि मग उरलेल्या पैशांकडे बघायचं, ही आईची शिस्त. भाडं, दूध, वीज सगळं त्यानंतर. आई म्हणायची, देवाला उरलंसुरलं द्यायचं नसतं. ती लहान असताना मावशीने तिला एकदा दहा बिस्किटं दिली होती, तर तिने त्यातलं एक रविवारी चर्चमध्ये दानाच्या ताटात टाकलं होतं. ताट फिरवणारे वडीलधारे गृहस्थ क्षणभर त्या बिस्किटाकडे बघत राहिले, मग अगदी गंभीर चेहऱ्याने ताट घेऊन पुढे गेले. नोटांना भुगा लागला असणार. घरी पोचेपर्यंत बाबा हसत होते, आणि आई मात्र हसली नाही, तिने लेकीला जवळ ओढून घेतलं होतं. तेव्हापासून आजवर एकही दशांश चुकला नव्हता. लग्नाचं राहून गेलं, मोठ्या दुकानात नोकरी लागायची ती राहून गेली, बाबा गेले, पण दशांश चुकला नाही. आणि आता तिचा हात आपोआप खिशात गेला, बोट पाकिटाच्या चिकटलेल्या तोंडाखाली शिरलं, आणि कागद टर्रकन फाटला. त्या आवाजाने तिच्या मानेवर काटा उभा राहिला. असं काही आपण करू शकतो हे तिला ठाऊकच नव्हतं.

पुढचं सगळं तिने फार भराभर केलं. फळीवरून तीन अख्ख्या स्ट्रिप काढल्या, बिल केलं, पाकिटातले पैसे गल्ल्यात टाकले, स्ट्रिप पिशवीत घालून बाहेर सरकवल्या. काका म्हणाले, ‘हे काय?’ ती म्हणाली, ‘घ्या काका. झालंय सगळं.’ त्यांनी नाण्यांकडे बोट दाखवलं. तिने ती नाणी तळहाताने एका फटक्यात परत बाहेर ढकलली, रचलेली चवड कोसळली, एक नाणं फरशीवर पडून गोल गोल फिरत रांगेतल्या कुणाच्या तरी पायाशी गेलं. ‘ठेवा हो ते,’ ती म्हणाली, जरा मोठ्यानेच, कारण काचेमुळे मोठ्याने बोलायची सवय होती. ‘आणि संपल्या की सरळ माझ्याकडे यायचं. विचारायचं नाही.’ रांगेतली माणसं बघत होती. खोकलेवालीने खोकणं थांबवलं होतं. काकांनी वाकून नाणं उचललं, मग ते आभार मानू लागले. एकदा मानले, पुन्हा मानले, दारापर्यंत गेले आणि तिथून वळून मानले. फार उपकार झाले, फार उपकार झाले. तिचे कान तापले होते. छातीत काहीतरी उड्या मारत होतं. पुढच्या गिऱ्हाइकाने दोनदा सांगितलेलं मलम तिने तिसऱ्यांदा विचारलं, आणि टाय शेजारून म्हणाला, ‘काय मॅडम, लॉटरी लागली का?’

खरंच लॉटरी लागल्यासारखं झालं होतं. संध्याकाळी ती बस सोडून चालत घरी निघाली. पाय जमिनीवर ठरत नव्हते. इतकी वर्षं आपण पाकिटं टाकत आलो, तिला वाटलं, आणि एकाही पाकिटाने आपल्याकडे वळून बघितलं नाही. ताट येतं, पाकीट पडतं, ताट जातं. मग कुठे जातं ते? छपराला जात असेल, ऑर्गन वाजवणाऱ्याला जात असेल, पाळकांच्या घरच्या दिव्याला, फरशी पुसायच्या फिनेलला. त्यातला एखादा चतकोर कुठल्या तरी भुकेल्यापर्यंत पोचतही असेल, पण तो पोचताना कुणी पाहिला? आणि इथे एका माणसाचं रक्त आजपासून नीट वाहणार होतं. उद्या रविवारी सुद्धा काका गोळी घेतील, परवा सोमवारी सुद्धा घेतील, आणि ते आपल्यामुळे. ‘आपल्यामुळे’ हा शब्द तिने तोंडातल्या तोंडात दोन-तीनदा म्हणून बघितला. रस्त्यावरचं सगळंच आज वेगळं दिसत होतं. दुकानांच्या पायऱ्या, पायरीवर बसलेली बाई, तिच्या पायातल्या वेगवेगळ्या दोन चपला, सायकल रिपेअरवाल्याच्या बोटाला गुंडाळलेली चिंधी. इतकी गरज जगात आहे आणि ती इतकी जवळ आहे, हात लांबवला की लागेल एवढी, याचंच तिला हसू येत होतं. आणि आपण मात्र मधे एक इमारत घालून बसलो होतो. घराच्या जिन्यावर ती दोन दोन पायऱ्या चढली, शेजारच्या पोराने तोंडात बोट घालून बघितलं.

रविवारी चर्चमध्ये ताट आलं तेव्हा तिने ते तसंच पुढे दिलं. लाकडी ताट, तळाला हिरवं कापड, नाण्यांचा आवाज होऊ नये म्हणून. शेजारी आई बसली होती. आईने तिच्या हाताकडे बघितलं, मग समोर बघितलं, मग गाण्याच्या पुस्तकाचं पान उलटलं, जे उलटायची वेळ अजून आली नव्हती. आपल्याला जरासं अपराधी वाटेल असं लेकीला वाटलं होतं. वाटलं नाही. उलट पोटात गुदगुल्या झाल्या. आपल्याला एक गुपित माहीत आहे आणि या बाकांवरच्या कुणालाच ते माहीत नाही, असं काहीतरी. गुपित मात्र तिच्या पोटात राहण्यासारखं नव्हतं. प्रार्थना संपल्यावर पाळक दाराशी सगळ्यांचा निरोप घेत उभे होते, लहानखुरे, नेहमी दमलेले, बाहीला कायम खडू लागलेला. आईला पुढे जाऊ दिलं आणि तिने त्यांना सांगूनच टाकलं. सगळं. दोन गोळ्या, पाकीट, फाटल्याचा आवाज.

‘मी दशांश बुडवला नाही,’ ती म्हणाली. ‘फक्त सरळ दिला. मधे कुणी नको म्हणून. तुम्हाला राग आला असेल तर येऊ द्या.’

‘राग कसला,’ पाळक म्हणाले. ‘छपराला गळती आहे, त्याचा राग येतो. माणसाला गोळ्या मिळाल्या त्याचा कसा येईल? आमच्याकडे आलेल्यातलं लोकांपर्यंत किती जातं, हे मला कुणी विचारलं तर मीही खाली बघतो.’ मग त्यांनी विचारलं, ‘ते काय म्हणाले? गोळ्या घेतल्यावर?’

‘खूप आभार मानले. दारापर्यंत मानत गेले.’

‘अरेरे,’ पाळक म्हणाले.

तेवढ्यात मागून कुणीतरी लग्नाची तारीख विचारायला आलं आणि ते तिकडे वळले. ती पायऱ्या उतरली तरी तो शब्द तिला सोडेना. अरेरे म्हणजे काय? माणसाने आभार मानले यात अरेरे करण्यासारखं काय होतं? जळतात, तिने ठरवून टाकलं. पाकीट गेलं म्हणून जळतात, आणि एवढं चांगलं माणूस जळतं याचं तिला वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यातही एक नशा होतीच.

आई जेवणभर बोलली नाही. आईचा अबोला म्हणजे भांडी जरा जास्त हळू ठेवणं. ताटं धुऊन झाल्यावर मात्र ती हात पुसत समोर येऊन बसली आणि म्हणाली, ‘कुणाला दिलंस ते मला कळलं. पाळकांशी बोलत होतीस ते पायऱ्यांपर्यंत ऐकू येत होतं.’

‘मग? वाईट केलं का मी?’

‘वाईट कोण म्हणतंय?’ आई म्हणाली. ‘बाबा दवाखान्यात होते ना, तेव्हा आपल्या दाराखालून पैसे यायचे. तू शाळेत होतीस. चर्चमधूनच यायचे, पण कुणी टाकले होते ते पाळकांनी कधी सांगितलं नाही. मी हात जोडले, रडले, तरी सांगितलं नाही. मला भारी राग आला होता त्यांचा.’ तिने टेबलावरचा एक न दिसणारा कण बोटाने टिपला. ‘मग काय झालं, रविवारी मी जायची, तर जो दिसेल तो मला तोच वाटायचा. ती सारखी नाक मुरडणारी शिंपीण होती बघ. मला वाटायचं, हिनेच दिले असतील. तो कंजूस डॉक्टर, वाटायचं, यानेच. सगळ्यांशी गोड बोलायची मी. कुणापुढे मान मात्र नाही खाली घालावी लागली. कुणापुढे घालायची, तेच ठाऊक नव्हतं.’

ती ऐकत होती, पण खरं सांगायचं तर अर्ध्याच कानाने. तिच्या डोक्यात काका बारीक बारीक तपशिलांत जगत होते. आज त्यांनी पहिली गोळी घेतली असेल, उद्या दुसरी घेतील. ‘काळ वेगळा होता आई,’ एवढंच ती म्हणाली. तिला आईची दया आली. आयुष्यभर दाराखालून घेतलेलं आणि ताटात टाकलेलं, एकदाही कुणाच्या डोळ्यांत बघून दिलेलं नाही. बिचारीला हा आनंद माहीतच नाही. आणि मग तो अख्खा महिना ती एखाद्या प्रेमात पडलेल्या मुलीसारखी वागली, या वयात. खिडकीवर गिऱ्हाइकांशी थट्टा करू लागली. केसांचा भांग बदलला. काकांना पुढच्या वेळी काय म्हणायचं याची वाक्यं बसमध्ये जुळवायची: बघा, तब्येत कशी सुधारलीय. चेहऱ्यावर तेज आलंय. त्यांच्या घरी कोण असेल, कोण स्वयंपाक करत असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल का, तोही आपण करून देऊ. एका शनिवारी ते आले नाहीत, साहजिकच, गोळ्या होत्या त्यांच्याकडे. दुसऱ्याही शनिवारी नाहीत. मधे एकदा बाजारात ते तिला समोरून येताना दिसले, तिने लांबूनच हात उंच करून हलवला, आणि काका रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेले. दिसलं नसेल, तिला वाटलं. चष्म्याचं लवकर बघायला हवं.

पुन्हा पगार झाला. तिने दहावा हिस्सा पाकिटात घातला आणि जीभ लावली नाही. उघडंच ठेवलं, एप्रनच्या खिशात, हात घातला की लगेच हाताला लागेल असं. शनिवार होता. काका आज येणार हे तिला हिशेबाने माहीत होतं, आणि सकाळपासून दार किणकिणलं की तिची मान वर होत होती. शटर उघडल्यापासून टाय तिच्याकडे बघत होता. ‘कुणी येणार आहे का?’ त्याने विचारलं, आणि ती म्हणाली, ‘तुला काय करायचंय?’ आणि स्वतःशीच हसली. दुपारी गर्दी जरा ओसरली, आणि काका आले. शर्टाला इस्त्री होती. चेहऱ्यावर खरोखरच थोडा रंग आला होता, आणि तो बघून तिचं काळीज असं काही उसळलं की तिने काचेवर बोटाने टकटक केलं. तिच्या खिडकीसमोर कुणीही नव्हतं. टायच्या खिडकीसमोर तिघं होते. काका त्या तिघांच्या मागे जाऊन उभे राहिले.

आधी तिला कळलंच नाही. चुकून, तिला वाटलं. मग तिने त्यांच्या मानेकडे बघितलं. मान तिच्या बाजूला जराही वळत नव्हती, जणू त्या बाजूला भिंत होती. कॉलर कडक होती आणि तिच्या वर एक शीर ताणलेली दिसत होती. तिघांचे दोघं झाले, दोघांचा एक झाला. ती रिकाम्या खिडकीत बसून राहिली, कात्री हातात, आणि तिला ऐकू आलं ते असं, अगदी हळू, काचेच्या फटीशी तोंड नेऊन: ‘दोन द्या.’

हा माणूस मरेल, पण माझ्याकडे येणार नाही. दोन गोळ्यांवर आठवडा काढेल, पण ज्या बाईने चारचौघांत याची नाणी परत ढकलली, जिच्यासमोर याला फरशीवर वाकावं लागलं, तिच्या खिडकीशी उभा राहणार नाही. फुटपाथ त्यांनी मुद्दाम बदलला होता. आणि मग अरेरे हा शब्द तिच्या अंगावरून सरसरत गेला, त्यामागून आईचं बोलणं आलं, कुणापुढे मान खाली घालायची तेच ठाऊक नव्हतं, आणि तिला लाज वाटली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं. पण गंमत म्हणजे त्या लाजेच्या तळाशी ती जुनीच उसळी होती, किंबहुना जास्तच. काय करायचं ते तिला कळलं होतं. मधे कुणीतरी हवं होतं. एवढंच. ती स्टुलावरून उठली, फळीमागून वळसा घालून टायच्या पाठीशी गेली, खाली वाकून जणू खोकं शोधतेय असं केलं, आणि उघडं पाकीट त्याच्या मांडीवर ठेवलं.

‘त्यांना सांग योजना आहे,’ ती कुजबुजली. ‘कंपनीची. ते देतील तेवढ्यात पूर्ण स्ट्रिप.’

‘कुठल्या कंपनीची?’

‘कुठलीही सांग. आणि नाणी घे त्यांची. नक्की घे, परत करायची नाहीत. दर शनिवारी. पाकीट दर महिन्याला मिळेल तुला.’

टायने पाकिटाकडे बघितलं. त्यावर क्रॉस छापलेला होता. टायचा देवावर काडीचा विश्वास नव्हता, तो हे येताजाता सांगायचा. ‘मला ताट केलंस की काय तू,’ तो ओठ न हलवता म्हणाला.

‘माझं नाव काढलंस तर बघ.’

ती परत आपल्या जागी येऊन बसली आणि समोरच्या बाटल्यांच्या तारखा बघू लागली, एकही न वाचता. तिचं सगळं अंग कान झालं होतं. टाय घसा खाकरून सुरू झाला. आणि पठ्ठ्याने काय सुरू केलं! कंपनीला यंदा वीस वर्षं झाली, जुन्या गिऱ्हाइकांसाठी आहे, सगळ्यांना नाही, रेकॉर्ड बघून ठरवतात, तुम्ही किती वर्षं नेताय ही गोळी? ‘सात,’ काका म्हणाले. मग तुम्ही बसता नियमात, टाय म्हणाला, इतक्या तोऱ्यात, की तिला क्षणभर वाटलं अशी योजना असेलही. नाणी गल्ल्यात पडल्याचा आवाज आला. कापायच्या कात्रीचा आला नाही. काकांनी स्ट्रिप उलटीसुलटी करून बघितली, तारीख तपासली, मुदतीचं विचारलं, आणि पुढच्या आठवड्यालाही हेच का, याची खात्री करून घेतली. हक्काने. असं एखाद्या गोष्टीबद्दल विचारताना तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग ते दाराकडे निघाले, थांबले, आणि सरळ तिच्या खिडकीशी आले. तिला वर बघायचं धैर्य होईना. काचेखालच्या फटीतून दोन नाणी आत आली.

‘त्या दिवशीच्या हिशेबातली,’ काका म्हणाले. ‘बाकीची हळूहळू आणतो.’

तिचा तळहात पुढे झालाच होता. फटीपर्यंत गेला. तिथे तो नाण्यांवर पालथा पडला आणि तिने ती स्वतःकडे ओढून घेतली, आणि गल्ल्यात टाकेपर्यंत काका बघत उभे राहिले.

‘आणि बाई,’ ते म्हणाले, आवाज जरा चढवून, रांगेत नव्याने आलेल्या दोघांना ऐकू जाईल असा, ‘त्या खिडकीवर जुन्या गिऱ्हाइकांसाठी योजना आहे. इथे बसून तुम्हाला एवढं माहीत नको? उगाच खिशातले घातलेत त्या दिवशी. लक्ष ठेवत जा.’

‘हो काका,’ ती म्हणाली. ‘चुकलं माझं.’

‘असू दे. होतं,’ काका म्हणाले, आणि आभाराचा एकही शब्द न बोलता निघून गेले. तिला इतका आनंद झाला की समोरच्या माणसाने काय मागितलं, ते तिला पुन्हा विचारावं लागलं.